सोपं आणि बिनचूक मराठी लिहायला-बोलायला कोणती पुस्तकं वाचू?

माथा_ते_पायथा:
नमस्कार मंडळी. मी सिव्हिल इंजिनिअर आहे आणि मराठवाड्यात एका संस्थेत पाणलोटाचं काम करते. शिक्षण सगळं इंग्लिश मीडियममधून, मराठी दहावीपर्यंत होतं तेवढंच. घरी मराठीच बोलतो त्यामुळे बोलायची अडचण नाही पण आता कामात लिहिणं खूप वाढलंय, म्हणजे गावातल्या लोकांसाठी माहितीपत्रक, बचत गटांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचे मेसेज, ग्रामसभेत मांडायचा पाण्याचा ताळेबंद, आणि वरती पाठवायचा अहवाल, सगळं मराठीतच.

ऑफिसात जुने नमुने आहेत त्यावरून लिहायला गेलं की असं काहीतरी तयार होतं: "सदर उपक्रमाच्या अनुषंगाने लाभार्थ्यांनी आवश्यक कागदपत्रांची पूर्तता करून विहित मुदतीत अर्ज सादर करावेत, याची नोंद घ्यावी." हे गेल्या महिन्यात खरंच गेलेलं आहे आणि त्यानंतर बायकांचे फोनवर फोन, की ताई नक्की करायचं काय. मग मी साधं लिहिलं तर ऑफिसातले सीनियर म्हणतात हे अशुद्ध आहे, बोलीभाषा आहे, छापायला चालणार नाही.

तर मला तीन गोष्टींसाठी पुस्तकं हवीत. शुद्धलेखन पक्कं करायचंय, सोपं लिहायला शिकायचंय, आणि गावात उभं राहून लोकांना कळेल असं बोलायचंय. कम्युनिकेशनवरची इंग्रजीतून भाषांतर झालेली पुस्तकं वाचून झालीत, ती सगळी मीटिंग आणि प्रेझेंटेशनबद्दल असतात, पारावर बसलेल्या चाळीस माणसांशी बोलताना त्याचा उपयोग होत नाही. मराठीतलं, मराठीसाठी लिहिलेलं काही सुचवा. वेळ कमी आहे पण वाचायची तयारी आहे.

खिळेजुळारी:
ताई, मी पुण्यात मुद्रितशोधनाचं काम करतो, आयुष्य प्रुफं तपासण्यात गेलंय म्हणून पहिल्या प्रश्नावर हक्काने बोलतो. शुद्धलेखन आणि सोपं लेखन हे दोन वेगळे विषय आहेत आणि तुमच्या सीनियरनी दोन्ही एकत्र केलेत. "तुमच्या शिवारात पडलेल्या पावसातलं किती पाणी जमिनीत मुरतं?" हे वाक्य सोपं आहे आणि त्यात एकही चूक नाही. उलट ते सदर-अनुषंगाने-विहितवालं वाक्य शुद्धलेखनाच्या दृष्टीने बिनचूक आहे तरी कुणाला कळलं नाही, बघा तुमच्यासमोरच उदाहरण आहे.

शुद्धलेखनाचा अभ्यास वाटतो तेवढा मोठा नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा नियम, त्यात १९७२ साली चार वाढले, एकूण अठरा. बस. मो. रा. वाळंबे यांचं 'सुगम मराठी व्याकरण लेखन' घ्या, स्पर्धा परीक्षेची पोरं वापरतात ते, कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळेल. सगळं पुस्तक वाचायची गरज नाही, शुद्धलेखनाचं प्रकरण आणि सामान्यरूपाचं प्रकरण नीट करा, कारण तुमच्या कामातल्या निम्म्याहून जास्त चुका तिथेच होणार. विहीर पण विहिरीत, जमीन पण जमिनीत, गरीब पण गरिबाला. शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असेल तर प्रत्यय लागताना ते ह्रस्व होतं. पण शरीर संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, तो शरीरातच राहतो. हे एकदा डोक्यात बसलं की पाणलोटाच्या पत्रकातले पन्नास शब्द आपोआप सुधारतात. कृषी हा शब्द सुटा असला की दीर्घ, कृषिप्रधान असा जोडशब्द झाला की ह्रस्व, हेही तिथेच कळेल.

दुसरं, टेबलावर एक लेखनकोश हवाच. अरुण फडके यांचा 'मराठी लेखन-कोश' किंवा यास्मिन शेख यांचा 'मराठी शब्दलेखनकोश', दोन्हीपैकी एक घ्या. यात अर्थ नसतात, शब्द कसा लिहायचा आणि प्रत्यय लागल्यावर त्याचं काय होतं हे असतं, त्यामुळे नियम आठवत बसावं लागत नाही, शब्द काढायचा, बघायचा, पुढे जायचं. फडके २०२० साली गेले, त्या माणसाने जन्म या एका कामाला वाहिला होता. शेखबाईंना २०२५ मध्ये शंभर वर्षं पूर्ण झाली. त्यांची 'मराठी लेखन मार्गदर्शिका' छोटी आहे आणि समजावण्याची पद्धत वर्गात शिकवल्यासारखी आहे, नवीन माणसाला मी तीच आधी देतो.

दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' कुणीतरी सुचवेलच इथे. १९११ चा ग्रंथ, त्याच्या तोडीचं दुसरं काही मराठीत झालं नाही असं माझं ठाम मत आहे, पण तुम्हाला आत्ता नको. गोडी लागली की घ्या.

सातबारा_उतारा:
मी कृषी सहायक आहे, पुस्तक नाही सुचवत, तुमच्या त्या वाक्याबद्दल बोलतो कारण अशी वाक्यं रोज हाताखालून जातात.

त्या वाक्यात भाषा अवघड आहे हा अर्धाच प्रॉब्लेम आहे. कसला अर्ज, कोणती कागदं, कोणत्या तारखेपर्यंत, कुठे द्यायचा, यातलं एकही त्यात नाही. विहित मुदत म्हटलं की तारीख लिहायची राहून जाते, आवश्यक कागदपत्रं म्हटलं की यादी राहून जाते. म्हणून फोन येतात. असं करून बघा:

"शेततळ्यासाठी अर्ज करायचा असेल तर सातबारा, आठ-अ आणि आधार कार्डची झेरॉक्स घेऊन १५ तारखेच्या आत आपल्या ऑफिसात या. फॉर्म आम्ही भरून देऊ."

लिहायच्या आधी कागदावर कोण, काय, कधी, कुठे एवढं मांडून घेतलं तर वाक्य आपसूक सोपं येतं. आणि शेतीचे शब्द पाहिजे असतील तर अ‍ॅग्रोवन पेपर रोज चाळा, त्यातल्या शेतकऱ्यांच्या यशकथा वाचा, तांत्रिक गोष्ट शेतकऱ्याच्या तोंडच्या शब्दात कशी येते ते दिसेल.

रविवारची_पुरवणी:
सातबारा यांनी जे लिहिलंय ते आम्ही पेपरच्या डेस्कवर नवीन आलेल्या पोरांना पहिल्या आठवड्यात सांगायचो. मी एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होते, आता निवृत्त. तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर बोलते, सोपं कसं लिहायचं.

लेखनकलेवरची पुस्तकं मराठीत आहेत पण मी त्यातलं एकही सांगणार नाही. ज्यांचं गद्य सोपं आणि भरलेलं आहे ते वाचायचं आणि मोठ्याने वाचायचं, हा माझा आग्रह आहे. तीन पुस्तकं सांगते.

पहिलं लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. १९३४ ते १९३६ या काळात भाग भाग करून आलं. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नाहीत, लग्नानंतर लिहावाचायला शिकल्या, आणि मराठीत जे उत्तम गद्य म्हणून दाखवतात त्यात हे पुस्तक पहिल्या रांगेत बसतं. का, ते वाचताना लक्ष द्या. वाक्यं छोटी. नाम आणि क्रियापद यांच्यावर सगळा भार, विशेषणं फार थोडी. कुणी काय केलं, कोण काय बोललं, मग काय झालं. दु:खाचा प्रसंग असला तरी त्या दु:खाचं वर्णन करत बसत नाहीत, काय घडलं ते सांगून पुढे जातात आणि आपल्या घशाशी येतं. एक प्रकरण घेऊन त्यातली क्रियापदं पेन्सिलीने अधोरेखित करा आणि मग तुमच्या ऑफिसच्या पत्रकातली करा. पत्रकात 'करण्यात यावे', 'घेण्यात येईल', 'आहे' एवढीच सापडतील. काम कुणी करायचं ते वाक्यातून गायब झालेलं असतं. ते माणूस परत आणलं की अर्धं काम झालं.

दुसरं विनोबांचं 'गीता प्रवचने'. धर्माचं पुस्तक म्हणून बाजूला ठेवू नका. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी विनोबा कैद्यांसमोर बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतलं, म्हणजे हे मुळात बोलणं आहे. अवघड विचार समोरच्या माणसापर्यंत न्यायचा कसा, एक मुद्दा घेऊन त्याभोवती रोजच्या जगण्यातली उदाहरणं कशी रचायची, आणि मुद्दा पोचला की थांबायचं कसं, हे अठरा प्रवचनांत अठरा वेळा दिसतं. तुम्हाला भूजल, पाझर, बाष्पीभवन समजावायचंय ना, मग हे वाचाच.

तिसरं महात्मा फुल्यांचं 'शेतकऱ्याचा असूड', १८८३ चं. वाक्यं लांबलचक आहेत, जुनी वळणं आहेत, पहिली काही पानं चिकाटीने वाचावी लागतात. तरी सांगते कारण हे लेखन त्यांनी आधी गावोगावी लोकांना वाचून दाखवलं होतं. शेतकऱ्याचं कर्ज, पाणी, जमिनीचा कस, जंगलखातं, सगळे तुमचेच विषय आहेत आणि ते विषय शेतकऱ्याच्या घरातून, त्याच्या ताटात काय आहे तिथून सुरू होतात. तुमचं पत्रकही छापायच्या आधी गटातल्या दोन बायकांना वाचून दाखवा. जिथे त्या "म्हंजे?" म्हणतील ती ओळ बदला.

आणि विज्ञान सोपं करून सांगायचं असेल तर जयंत नारळीकरांचं 'आकाशाशी जडले नाते'. विषय खगोलशास्त्र, तुमच्या कामाचा नाही, पण परिभाषेतला शब्द पहिल्यांदा येतो तेव्हा तो कसा येऊ द्यायचा, आधी कल्पना आणि मग नाव, हे त्यातून शिकण्यासारखं आहे.

वऱ्हाडचा_पाहुणा:
बोलण्याबद्दल कोणीच काही लिहिलं नाही अजून. ताई, गाडगेबाबांचं कीर्तन ऐका. १९५६ मध्ये मुंबईत वांद्र्याला त्यांनी जे शेवटचं कीर्तन केलं त्याचं रेकॉर्डिंग आहे, नेटवर सापडते. मी अमरावतीकडचा माणूस, त्यामुळे ती बोली माझ्या कानाची आहे, पण तुम्हालाही समजंन.

बाबा भाषण देतच नाहीत. प्रश्न विचारतात. लोकं उत्तर देतात. मग त्या उत्तरावर पुढचा प्रश्न. कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला, असं सगळं ते लोकांच्या तोंडून वदवून घेतात आणि माणूस जे स्वतः बोलला ते त्याच्या ध्यानात राहते. तुम्ही ग्रामसभेत ताळेबंद मांडता तेव्हा आकडे वाचून दाखवत असाल तर ते थांबवा. विचारा, यंदा विहिरीचं पाणी कधी आटलं? मागच्या वर्षी कधी आटलं होतं? किती जणांनी ऊस लावला? आकडे त्यांच्याकडूनच येतील आणि फळ्यावर तुम्ही फक्त मांडायचे.

वाचायलाच पाहिजे असंन तर प्रबोधनकार ठाकऱ्यांनी बाबांचं चरित्र लिहिलं आहे ते घ्या, प्रबोधनकारांची स्वतःची भाषापण कशी रोखठोक आहे ते दिसंन. आणि आचार्य अत्र्यांचं 'मी कसा झालो', त्यात वक्ता कसा झालो ते पण आहे. अत्र्यांसमोर हजारोंची सभा असायची, तुमच्यासमोर चाळीस माणसं आहेत, त्यामुळे तयारीचा भाग घ्या आणि बाकीचं त्यांच्या काळाचं म्हणून वाचा.

ओळ_आणि_ओवी:
थोडं वेगळं सांगते. मी भाषाविज्ञान शिकलेय आणि मला तुमच्या सीनियरच्या "हे अशुद्ध आहे, बोलीभाषा आहे" या वाक्याचं सगळ्यात जास्त वाईट वाटलं. बोली म्हणजे बिघडलेली मराठी हा समज शिकलेल्या माणसांत फार खोल आहे आणि त्याने नुकसान होतं, कारण ज्यांच्यासाठी लिहायचं त्यांचेच शब्द आपण पत्रकातून हाकलून देतो.

यासाठी ना. गो. कालेलकर वाचा. 'भाषा आणि संस्कृती' आणि 'भाषा: इतिहास आणि भूगोल', दुसऱ्याला १९६७ चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे. भाषाशास्त्राचं पुस्तक म्हणून घाबरू नका, त्यांच्याइतकं निवांत आणि स्वच्छ या विषयावर मराठीत फार कमी लोकांनी लिहिलंय. गावागणिक भाषा का बदलते, प्रमाणभाषा म्हणजे नेमकं काय, ती इतर बोलींपेक्षा श्रेष्ठ नसून फक्त एका कामासाठी सगळ्यांनी मान्य केलेली का असते, हे एकदा समजलं की सीनियरशी बोलताना तुमच्याकडे उत्तर असेल. नंतर अशोक केळकरांचं 'वैखरी' बघा, ते जड आहे, एकेक लेख सावकाश वाचायचा. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्राचा खंडही आहे, अरुण जाखडे यांनी संपादित केलेला, त्यात राज्यातल्या बोलींची ओळख आणि नमुने मिळतात.

आणि शब्दकोश विकत घ्यायची घाई करू नका. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ ची दुसरी आवृत्ती, साठ हजारांच्या आसपास शब्द, आणि दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट शोधता येतात. तुम्ही इंग्लिश मीडियमच्या म्हणून मोल्सवर्थ मुद्दाम सांगतेय. शेती, पाणी, बांध, माती यांचे शब्द त्यात भरपूर आहेत, कित्येक आपल्या शहरी मराठीतून गेलेत पण तुमच्या गावांत अजून रोज वापरात असतील.

माथा_ते_पायथा:
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. सातबारा दादांचं वाक्य मी आजच ग्रुपवर टाकलं (कागदपत्रं आणि तारीख आमची घालून) आणि आत्तापर्यंत एकच फोन आला, तोही ऑफिस रविवारी उघडं असतं का विचारायला.

एक शंका राहिली. मी इथे लिहितेय तसं 'केलं, झालं, पाणी मुरतं' असं पत्रकात लिहिलं तर चालेल की 'केले, झाले' च लिहायचं? आमच्याकडे भांडणाचा मुद्दा नेमका हाच आहे.

खिळेजुळारी:
नियमाने बघाल तर लेखनात 'केले, झाले' आणि पात्राच्या तोंडी संवाद असेल तिथे उच्चाराप्रमाणे 'केलं, झालं'. तुमच्या सीनियरचं बोट याच नियमावर असणार. अहवाल, पत्रव्यवहार, ठराव यात 'केले'च ठेवा, तिथे वाद नको.

ओळ_आणि_ओवी:
नियम तोच आहे पण वापर कधीच पुढे गेलाय ना काका. आज वर्तमानपत्रांतले लेख, पुस्तकं, ललित सोडा वैचारिक लेखनसुद्धा सर्रास 'केलं, झालं' मध्ये छापलं जातं आणि कुणी त्याला अशुद्ध म्हणत नाही. गावात वाचून दाखवायचं पत्रक हे तर बोलणंच आहे. गटातली एक बाई वाचणार आणि दहा जणी ऐकणार असतील तर 'मुरते' पेक्षा 'मुरतं' कानाला आपलं वाटतं. मी तर म्हणेन पत्रकात ठामपणे बोली रूपंच वापरा.

खिळेजुळारी:
त्याला माझा विरोध नाही, ऐकायचं पत्रक असेल तर लिहा. अट एकच, एका पत्रकात एकच पद्धत. वरच्या परिच्छेदात 'केले' आणि खाली 'केलं' असं झालं की वाचणारा अडखळतो आणि मग खरोखर निष्काळजी दिसतं. आणि अनुस्वार द्यायला विसरू नका. 'पाणी मुरत' आणि 'पाणी मुरतं' यात फरक आहे, मोबाइलवर टाइप करताना तो टिंब हमखास राहतो. प्रुफात मी सगळ्यात आधी तेच शोधतो.

रविवारची_पुरवणी:
दोघांचंही पटलं. आम्ही पेपरात बातमी 'केले'मध्ये आणि पुरवणीतले लेख 'केलं'मध्ये छापायचो, वाचकांची कधी तक्रार आली नाही.

माथा_ते_पायथा:
छान, म्हणजे अहवाल एका पद्धतीने आणि पत्रकं दुसऱ्या, हे मला ऑफिसात मांडता येईल. सुरुवात शेखबाईंच्या मार्गदर्शिकेपासून आणि 'स्मृतिचित्रे' पासून करते. कालेलकर आणि असूड कुठे मिळतील? इथल्या दुकानांत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं सोडून फार काही नसतं.

ओळ_आणि_ओवी:
असूड विकत नाही घेतलं तरी चालेल, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने फुल्यांचं समग्र वाङ्मय छापलंय आणि त्याची पीडीएफ मंडळाच्या साइटवर मोफत आहे. कालेलकर मौज प्रकाशनाचे, दुकानात नसेल तर तुमच्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय ग्रंथालयात विचारा, नाहीतर जवळच्या सीनियर कॉलेजच्या मराठी विभागात. एम. ए. ला भाषाविज्ञानाचा पेपर असतो, त्यामुळे तिथे प्रत असण्याची शक्यता जास्त.

सातबारा_उतारा:
रविवारी ऑफिस बंद असतं हे पण त्या मेसेजमध्ये टाकून द्या ताई.